चौघे आणि एक पियानो



पिंपळनेरच्या आमच्या जुन्या घरात दिवस रेडिओने उजाडत असे. दुकानाच्या किल्ल्या हाती घेण्यापूर्वी वडील रेडिओचे बटण फिरवीत. थोडी खरखर होई आणि मग आकाशवाणीची ती संकेतधून सुरू होई. मागे तानपुरा, पुढे व्हायोलिन. बातम्या आणि बाजारभाव त्यानंतर. माझ्या वयाच्या प्रत्येक वाचकाच्या कानात ती धून आजही असेल. ती कोणी बांधली असेल, हा प्रश्न मात्र मला साठ वर्षांत एकदाही पडला नाही. पडला तो गेल्या हिवाळ्यात, सूनबाईमुळे, आणि जरा ओशाळे व्हावे अशा रीतीने.

सून पुण्याची. तिला आमच्या घरी येऊन तीन वर्षे झाली. हिशेबाला चोख, दुकानाची जीएसटीची विवरणपत्रे आता तीच भरते. लग्न ठरताना आलेल्या तिच्या परिचयपत्रात ‘छंद : पियानोवादन’ असे लिहिले होते, हे मला आज आठवते. त्या वेळी आम्ही तो शब्द ओलांडून पुढच्या ओळीकडे, म्हणजे मामाच्या गोत्राकडे वळलो. ती नऊ वर्षे पियानो शिकली, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची आठव्या श्रेणीची परीक्षा उत्तीर्ण झाली, हे तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

नातलगांच्या लग्नानिमित्त आम्ही चौघे मुंबईत होतो. दुसऱ्या दिवशी तिने संकोचत विचारले, “पप्पा, संध्याकाळी एक कार्यक्रम आहे. दीड-दोन तासांचा. तुम्ही आणि आई याल का?” मुलाने तिकिटे आधीच काढलेली होती, त्यामुळे नकाराला जागा नव्हती. कार्यक्रम नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये होता. ही संस्था १९६९ साली जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने उभी राहिली. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे आज आपल्या देशातील ते प्रमुख ठिकाण आहे.

सभागृह लहान होते. मंचावर चार खुर्च्या, चार स्वरलिपीचे स्टँड. ध्वनिक्षेपक नाही, हातात काठी घेतलेला संचालकही नाही. दोन व्हायोलिन, त्याहून थोडे मोठे आणि खर्जाकडे झुकणारे व्हायोला, आणि दोन गुडघ्यांत धरून वाजवायचे चेलो, अशा चार वाद्यांच्या मेळाला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. या प्रकाराला ‘चेंबर म्युझिक’ हे नाव आहे. चेंबर म्हणजे खोली. दिवाणखान्यात पाच-पन्नास जाणकारांसमोर वाजवण्याचे हे संगीत. आपल्याकडची बैठक म्हणा. फरक एवढाच की यात प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो, आणि एक गायक व त्याचे साथीदार अशी उतरंड नसते. पहिला व्हायोलिनवादक श्वास घेतो, त्या श्वासावर बाकीचे तिघे सुरुवात करतात. हे पाहण्यासारखे होते.

पूर्वार्धात केवळ चौघांचे वादन झाले. मी प्रांजळपणे लिहितो, मला ते कळले नाही. एका भागानंतर शांतता झाली, तेव्हा कार्यक्रम संपला असे समजून मी जोरात टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतील दोन माथी मागे वळली. सर्व भाग संपेपर्यंत टाळी द्यायची नसते, हा तिथला शिरस्ता. त्यानंतर मी घड्याळ पाहत बसलो. सौ.ने हळूच विचारले, “या तारा कशाच्या असतात हो?” प्रश्न आपल्या घरात विचारला जाणारच. सुनेने मध्यंतरात उत्तर दिले : पूर्वी मेंढीच्या आतड्याच्या असत, आता बहुधा पोलादाच्या किंवा कृत्रिम धाग्याच्या असतात, पियानोच्या पट्ट्यांवर पूर्वी हस्तिदंत लावीत, आता प्लॅस्टिक. गजाला मात्र अजून घोड्याच्या शेपटीचे केस लागतात. सौ.ने थोडा वेळ विचार केला आणि तबल्याच्या चामड्याचा विषय निघण्यापूर्वी तो प्रश्न तिथेच ठेवला.

उत्तरार्धात मंचावर मोठा पियानो आला आणि त्याच्यामागून पाहुणी वादक. चौघांच्या पाठीमागे ती बसली. पियानोचे झाकण अर्धेच उघडलेले होते. वादन सुरू झाले, आणि माझी नजर सहज शेजारी गेली. सुनेची दहाही बोटे गुडघ्यावर हलत होती. साडीच्या निरीवर ती ती रचना वाजवत होती. एकही बोट चुकत नसावे, कारण मंचावरील हात थांबले की तिचेही थांबत. तिचे डोळे मिटलेले होते. तीन वर्षांत मी तिला असे कधी पाहिले नव्हते.

ती रचना रॉबर्ट शूमन या जर्मन संगीतकाराची. १८४२ च्या शरद ऋतूत त्याने ती लिहिली. स्ट्रिंग क्वार्टेट आणि पियानो असा पाचांचा मेळ त्याच्या या कृतीनेच खऱ्या अर्थाने रूढ केला. पुढे ब्राम्स आणि द्वोर्जाक यांनी त्याच वाटेवर मोठ्या रचना केल्या. शूमनने ती आपल्या पत्नीला, क्लाराला, अर्पण केली. क्लारा बालपणापासून युरोपभर गाजलेली पियानोवादक. वडिलांचा विरोध असल्याने या दोघांना न्यायालयात जाऊन १८४० मध्ये लग्न करावे लागले. लग्नानंतर अडचण निराळीच निघाली. घराच्या भिंती पातळ. रॉबर्ट लिहीत असताना क्लाराला सराव करता येईना. दोघे मिळून जी रोजनिशी लिहीत, तीत याची नोंद आहे. त्या डिसेंबरात एका स्नेह्याच्या घरी ही रचना वाजायची होती आणि क्लारा आजारी पडली. तेव्हा प्रख्यात संगीतकार मेंडेल्सझोन पाहुणा म्हणून पियानोवर बसला आणि समोरची स्वरलिपी वाचत त्याने तो अवघड वाटा पेलला. पुढे ८ जानेवारी १८४३ रोजी लाइपझिग शहरात क्लाराने तो जाहीर कार्यक्रमात वाजवला.

आपल्या वाचकांना रुचेल अशी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. लाइपझिग हे पेठेचे, मोठ्या व्यापारी जत्रांचे गाव. तिथला वाद्यवृंद १७४३ साली गावातील व्यापारी आणि इतर नागरिक यांनी आपल्या पैशाने उभा केला. राजाच्या दरबारातून तो निघालेला नाही. १७८१ मध्ये त्याला सभागृह मिळाले ते कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत. त्या सभागृहाचे नाव ‘गेवांडहाउस’, म्हणजे सरळ अर्थाने कापडघर. क्लाराने जाहीर वादन केले ते याच कापडघरात. खाली ठाण आणि गाठी, वर संगीत. आपल्या धुळे-जळगावच्या पेठांत हे सहज शोभले असते, असे मला राहून राहून वाटते.

मुंबईहून परतताना गाडीत मी सुनेला प्रथमच त्या विषयावर प्रश्न विचारले. मी बँकेतला माणूस. भागीदारी संस्थांची खाती तपासण्यात उमर गेली. चार भाऊ वर्षानुवर्षे एका मताने धंदा करतात आणि पाचवा भागीदार आला की कागद नव्याने करावे लागतात, हे मला माहीत. म्हणून विचारले, “पियानो एवढा मोठा, तो चौघांना बुडवत नाही का?” ती म्हणाली, “आवाजाचे तसे आहे, पप्पा, त्याला हात आवरावा लागतो. पण सुराचे उलटे आहे.” मग तिने समजावून दिले. व्हायोलिन किंवा चेलोवर सुरांचे पडदे नसतात. बोट केसभर सरकवून सूर चढवता-उतरवता येतो. पियानोचा सूर कारागिराने आधीच पक्का केलेला. वाजवणाऱ्याला तो हलवता येत नाही. म्हणून पाहुणा आल्यावर चौघांनाच आपली बोटे थोडी सरकवून त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

आपल्या पेटीचेही तेच. पेटीतून मींड निघत नाही, एवढ्यासाठी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. हे बोलता बोलता मी ती संकेतधून गुणगुणलो. “ही कोणाची, ठाऊक आहे?” असे तिने विचारले आणि सटाणा येईपर्यंत ती कथा पुरली.

ती धून वॉल्टर कॉफमन यांच्या नावावर आहे. कॉफमन हे बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक देशातील, कार्ल्सबाडचे ज्यू संगीतकार, जन्म १९०७. हिटलरची सावली पसरू लागली तेव्हा १९३४ मध्ये ते मुंबईस आले आणि पुढे १९३७ ते १९४६ या काळात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिचे वादन होई. पियानोवर कॉफमन, चेलोवर व्हेर्गा नावाचे इटालियन गृहस्थ आणि व्हायोलिनवर मेहली मेहता. मेहली हे झुबिन मेहतांचे वडील. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट त्यांनीच उभे केले. म्हणजे मी परके समजून ज्याकडे पाठ फिरवली, ते माझ्या जन्माआधीच मुंबईत नांदत होते, आणि त्यातल्याच एकाने माझी पहाट घडवली होती.

पण मला खिळवले ते दुसऱ्याच गोष्टीने. कॉफमन यांनी प्रथम भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तेव्हा त्यांना ते पूर्णपणे अनाकलनीय वाटले. त्यांनी असा विचार केला की ज्या संगीतावर लाखो लोक प्रेम करतात ते निरर्थक असणे शक्य नाही. उणीव माझ्याच ठिकाणी असली पाहिजे आणि ती भरून काढायची तर त्या संगीताच्या देशातच गेले पाहिजे. पुढे उत्तर भारतीय रागांवर त्यांनी इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. तो १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वतः रचलेली क्वार्टेट मात्र कित्येक वर्षे विस्मरणात पडून होती. टोरांटोच्या एका संचाने ती अलीकडे, २०२० मध्ये, मुद्रित केली. सुनेने मोबाइलवर त्यांची अकराव्या क्रमांकाची क्वार्टेट लावली. ताहराबाद मागे पडले, बाहेर अंधार झाला होता. मी घड्याळ पाहिले नाही.

घरी आल्यावर दुकानावरच्या मजल्यावरील खोली रिकामी केली. तिथे बारदाने आणि जुन्या वह्या होत्या. पुण्याहून अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा विजेवरचा पियानो मागवला. ट्रान्सपोर्टवाल्याने तो टेम्पोतून उतरवला तेव्हा गल्लीतल्या मंडळींना तो शवपेटीसारखा वाटला, असे नंतर कानावर आले. दुपारी जेवणानंतर दुकान बंद असते, तेवढ्या वेळात सून वर जाते. पण ती कानाला हेडफोन लावून वाजवी. खाली केवळ पट्ट्यांची ठकठक ऐकू येई, आमच्या शाखेतल्या जुन्या टंकलेखन यंत्रासारखी. दोन आठवडे मी जिन्याच्या पायरीवर बसून ती ठकठक ऐकली.

गेल्या रविवारी वर गेलो. “काय वाजवतेस?” असे विचारले. “शूमनचाच दुसरा भाग, पप्पा. पण नुसता पियानोचा वाटा. बाकीचे चौघे नाहीत, म्हणून काही ठिकाणी नुसते मोजत थांबावे लागते.” मी म्हटले, “मोज. पण ती वायर काढ.”

तिने वायर काढली. मधूनमधून ती थांबे, ओठांतल्या ओठांत मात्रा मोजे, आणि पुन्हा सुरू करी. सौ. केव्हा येऊन दारात उभी राहिली ते मला समजले नाही. चार वाजून गेले, तरी खालचे शटर वर गेल्याचा आवाज आला नाही.