हळहळ पुरेशी नाही
गोव्याच्या लोर्ना यांचे दारुड्यावरील ‘बेब्दो’ हे कोंकणी गीत कानी पडले की जुने श्रोते आजही हळवे होतात. ख्रिस पेरी यांनी कोंकणी गाण्याला जॅझची लय दिली. लोर्नांच्या आवाजाने ती घरोघर पोचविली. पुढे वीसेक वर्षे त्या रंगमंचापासून दूर राहिल्या. १९९५ साली त्या परतल्या, तेव्हा श्रोते त्यांना विसरले नव्हते; कारण तबकड्यांनी तो आवाज जपला होता. मराठवाड्यातील गोंधळी, वाघ्या-मुरळी, भारूडकार यांच्यापैकी किती जणांच्या वाट्याला हे भाग्य येते? कलावंत गेल्यावर शोकसभा भरविण्यापेक्षा तो गात असतानाच त्याचे ध्वनिमुद्रण व्हावे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाने यात पुढाकार घ्यावा. आवाजच उरला नाही, तर उद्याच्या श्रोत्याने आठवावे तरी काय?