डोमेन नेम परस्पर दुसऱ्याकडे गेलं तर? परत मिळवण्याची वाट इतकी किचकट का आहे?

बँकेच्या वेबसाइटचा पत्ता बदलल्याचं अनेकांच्या लक्षात आलं असेल. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जायला सांगितलं होतं. हे डोमेन देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. त्यामुळे कुणीही उठून बँकेच्या नावाचा पत्ता घेऊ शकत नाही.

मुलुंडच्या केटररला, घाटकोपरच्या साडीच्या दुकानाला किंवा बोरिवलीच्या क्लासवाल्यांना मात्र असं छत्र नाही. त्यांचा पत्ता साधा ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’. एके दिवशी तो उघडतच नाही, किंवा उघडला तर भलतंच पान दिसतं. ऑर्डरचे ईमेल येणं बंद होतं. चौकशी केल्यावर कळतं, की डोमेन आता दुसऱ्याच कंपनीकडे, दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात आहे. आणि आपण कुठेही सही केलेली नाही.

अशा वेळी नेमकं काय करता येतं?

डोमेनचे मालक खरंच आपण असतो का?

पूर्ण अर्थाने नाही. डोमेन हे पागडीच्या खोलीसारखं असतं. ताबा आपला, वर्षाचं भाडं आपण भरतो, खोली दुसऱ्याला देताही येते, पण नोंदवही दुसऱ्याकडे असते. ही नोंद करणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात, आणि ‘डॉट कॉम’सारख्या डोमेनचे नियम आयकॅन ही अमेरिकास्थित संस्था ठरवते.

या धंद्यात मुंबईच्या उपनगरांचं नाव जुनं आहे. भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ मध्ये सुरू केलेली डायरेक्टी कंपनी अंधेरीतून वाढली. तिचा डोमेनचा व्यवसाय २०१४ मध्ये अमेरिकेच्या एन्ड्युरन्स समूहाकडे गेला. पण जगभरातल्या डोमेन वादांच्या निकालपत्रांत आजही रजिस्ट्रार म्हणून ‘पब्लिकडोमेनरजिस्ट्री, मुंबई’ हे नाव सारखं दिसतं. मात्र छोटा दुकानदार रजिस्ट्रारकडे थेट जात नाही. मध्ये रिसेलर असतो, आणि त्याच्याही अलीकडे वेबसाइट बनवून देणारा डिझायनर.

चोरी होते कशी?

बहुतेकदा सुरुवात ईमेलपासून होते. रजिस्ट्रारच्या खात्याला जोडलेला ईमेल हाती लागला, की पासवर्ड बदलता येतो, डोमेनवरचं ‘लॉक’ काढता येतं आणि हस्तांतराचा गुप्त कोड मिळतो. हा कोड नव्या रजिस्ट्रारला दिला, की जुन्या रजिस्ट्रारला पाच दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याने उत्तर दिलं नाही, तर नियमानुसार ती संमतीच धरली जाते. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर प्रकरण आणखी बिकट होतं. डोमेन गेलं की ईमेलही गेला, म्हणजे तक्रार करायची ओळखच चोराच्या हातात.

मुरलेले चोर घाई करत नाहीत. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ‘पर्ल डॉट कॉम’ या साइटचं डोमेन जानेवारी २०२१ मध्ये पळवल्याचं उघडकीस आलं. तपासात दिसलं, की खात्यात शिरकाव आदल्या सप्टेंबरमध्येच झाला होता. डिसेंबरमध्ये डोमेन एका चिनी रजिस्ट्रारकडे नेलं, पण साइट जशीच्या तशी चालू ठेवली. त्यामुळे कुणाला संशय आला नाही. मग जानेवारीत ते जर्मनीच्या रजिस्ट्रारकडे हलवलं आणि विक्रीला काढलं. ताबा बदलल्यावर साधारण साठ दिवस डोमेन हलवता येत नाही, आणि चोराने तो काळ शांतपणे जाऊ दिला असावा, असं यातून दिसतं. पर्लच्या मंडळींची जगभर ओळख होती, म्हणून डोमेन फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत मिळालं. बोरिवलीच्या क्लासवाल्यांकडे अशी ओळख कुठून असणार?

तक्रार कुणाकडे करायची?

सर्वात आधी, आणि त्याच दिवशी, आपल्या जुन्या रजिस्ट्रारकडे. प्रत्येक रजिस्ट्रारला आणीबाणीसाठी एक संपर्क ठेवावा लागतो. जुन्या रजिस्ट्रारने त्यावर संदेश पाठवला, की नव्या रजिस्ट्रारने चार तासांत उत्तर द्यायचं असतं. ते आलं नाही, तर हस्तांतर रद्द करण्याचा मार्ग मोकळा होतो. पण ही दोन रजिस्ट्रारमधली वाट आहे, ग्राहक ती स्वतः वापरू शकत नाही. हस्तांतराच्या वादाची औपचारिक तक्रारही फक्त रजिस्ट्रारच करू शकतो, आणि तीही बारा महिन्यांच्या आत. थोडक्यात, आपल्या रजिस्ट्रारने मनावर घेतलं नाही, तर हे दोन्ही दरवाजे बंद.

‘डॉट इन’ला तर आयकॅनचे हे नियम लागूच होत नाहीत. त्याचा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते आणि वाद मिटवण्याचं तिचं स्वतंत्र धोरण आहे. हे धोरण काय किंवा ‘डॉट कॉम’साठीची जिनिव्हाच्या वायपो संस्थेतली लवादाची सोय काय, दोन्ही मुळात ट्रेडमार्कच्या वादांसाठी बनलेल्या आहेत. आपल्या नावावर हक्क असल्याचा पुरावा नसेल, तर तिथे निभाव लागणं कठीण.

पोलिसांकडे जावंच. मुंबईत प्रादेशिक विभागांसाठी स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र १९३० या हेल्पलाइनचा उपयोग प्रामुख्याने बँकेतून गेलेले पैसे गोठवण्यासाठी आहे, डोमेन तिथून गोठत नाही. नुकसानभरपाईची एक वाट फारशी कुणाला ठाऊक नसते. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, करता येतो.

न्यायालयं काय म्हणतात?

मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ या वादात डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण दिलं. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या विचारावर शिक्कामोर्तब केलं. पण हे वाद सारख्या दिसणाऱ्या नावांचे होते, चोरीचे नव्हते. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या प्रकरणात जून २०२० मध्ये न्या. गौतम पटेल यांनी नोंदणीची प्रक्रिया आपोआप चालते, तिथे माणूस बसून नावं तपासत नाही, हे स्पष्ट केलं. रजिस्ट्रार डोमेन निलंबित करू शकतो, हेही त्यांनी सांगितलं. रजिस्ट्रार मुंबईत असेल तर असा आदेश बजावणं सोपं, चीनमध्ये असेल तर तोच आदेश कागदावर राहण्याची भीती.

चोरीचा सर्वात गाजलेला खटला अमेरिकेतला. गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये घेतलेलं ‘सेक्स डॉट कॉम’ पुढच्याच वर्षी स्टीफन कोहेनने एका बनावट पत्राच्या जोरावर स्वतःकडे वळवलं. क्रेमेनना फोन करून खात्री करण्याची तसदी रजिस्ट्रारने घेतली नाही. डोमेन परत मिळायला २००० साल उजाडलं. साडेसहा कोटी डॉलरच्या भरपाईचा आदेश झाला, तोवर कोहेन मेक्सिकोत पळाला होता. २००३ मध्ये अपील न्यायालयाने डोमेन ही मालमत्ताच आहे आणि ती भलत्याच्या हाती दिल्याबद्दल रजिस्ट्रारलाही जबाबदार धरता येतं, असा निर्णय दिला.

आणि नोंद डिझायनरच्या नावावर असेल तर?

आपल्याकडे खरी मेख इथेच आहे. पैसे दुकानदाराने दिले, पण डोमेन घेताना डिझायनरने स्वतःचं नाव आणि स्वतःचा ईमेल टाकला. पुढे बिनसलं आणि त्याने डोमेन दुसरीकडे नेलं, तर नियमांच्या भाषेत ती चोरीच नाही. नोंदीत नाव असलेल्यानेच परवानगी दिलेली असते. मग हाती उरतात बिलं, बँकेचे व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि दिवाणी दावा.

२०१८ पासून युरोपच्या गोपनीयता कायद्यामुळे डोमेनधारकांची नावं सार्वजनिक नोंदीत सहसा झाकलेली असतात, त्यामुळे बाहेरून पाहून काही कळत नाही. रजिस्ट्रारच्या खात्यात शिरूनच ‘रजिस्ट्रंट’ या रकान्यात कुणाचं नाव आहे ते पाहावं लागतं. डिझायनरशी संबंध चांगले असतानाच ते बदलून घेता येतं. ‘डॉट कॉम’साठी जुना आणि नवा, दोघांनीही ईमेलवरून होकार द्यायचा असतो. त्यानंतर, आधीच सूट मागितली नसेल तर, साठ दिवस ते डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलत नाही.