‘डरो मत’ म्हटल्याने भीती जात नाही

रविवारी दिवसभर हुंदडणाऱ्या मुलाचे सोमवारी सकाळी पोट दुखू लागते. शाळेची वेळ टळली की दुखणेही थांबते. मग घरात निदान सुरू होते. अब्बूंना ते नाटक वाटते, दादीला नजर लागल्यासारखे वाटते, आणि शेजारच्या खालांच्या मते मूल दिलाने कमजोर आहे. मुलाला कशाची भीती वाटते, हे मात्र कोणी विचारत नाही.

हे दुखणे खोटे नसते. भीती वाटली की छाती धडधडते, श्वास वाढतो, पोटात कळ येते. मोठ्या माणसाला मुलाखतीच्या आधी होते तेच मुलाला होते. फक्त त्याच्याकडे त्यासाठी शब्द नसतात. म्हणून पहिले काम ऐकण्याचे. ‘मर्द बन’ किंवा ‘एवढ्याशा गोष्टीला काय घाबरायचं’ असे म्हटले, तर मूल भीती सोडत नाही, सांगणे सोडते.

दुसरी चूक लाडाची. घाबरते म्हणून रोज घरी ठेवले, तर आज सुटका होते आणि उद्याची भीती आणखी वाढते. त्यावर उपाय लहान पायऱ्यांचा. वर्गात बोलायची भीती असेल, तर आधी घरी मोठ्याने वाचू द्या, मग एका मित्रासमोर, मग एकट्या बाईंसमोर, मग वर्गात. एक पायरी सवयीची झाली की पुढची. ‘काही होणार नाही’ हे दहादा सांगण्यापेक्षा, ‘झालंच तर आपण काय करू?’ असे विचारा आणि उत्तर त्यालाच शोधू द्या.

पण आपल्या मुलांच्या काही भीती वेगळ्या आहेत. नावावरून चिडवणे, डब्यावरून टोमणे, एखादी बातमी आली की ‘पाकिस्तानात जा’ असे ऐकवणे. इथे मुलाच्या मनात बिघाड नाही, वर्गात आहे. ‘दुर्लक्ष कर’ एवढेच सांगितले, तर चूक आपलीच असे मूल समजते. पालकांनी काय घडले ते तारखेसह लिहून मुख्याध्यापकांना द्यावे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीत आपण किती जण जातो? आणि घरी रात्री टीव्हीवर चाललेली भांडणे मुलांच्या कानांवर पडतात, याचाही विचार करावा.

दुआ जरूर करावी, तिने मुलालाही धीर येतो. पण दुआ की डॉक्टर, असा सवालच नाही. उंट आधी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपल्याला ठाऊक आहे. हजरत अनस यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याचा पाळलेला लहानसा पक्षी मेला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्या मुलाकडे पक्ष्याची विचारपूस केली. लहान मुलाचे दुःख त्यांनी लहान मानले नाही.

शाळा, झोप किंवा जेवण काही आठवडे बिघडलेले राहिले, तर तज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. ‘लोक वेडी म्हणतील, पुढे रिश्ता जमणार नाही’ या धास्तीने मुलींना तर हमखास लपवले जाते. ती धास्ती मोठ्यांची आहे, तिची किंमत मुलीने का मोजावी?

आपल्यापैकी काही जण आता आईबाप झाले आहेत. बाकीचे भाईजान, आपा, मामू, फुफी आहेत. अनेकदा मूल अम्मी-अब्बूंना जे सांगत नाही, ते आपल्याला सांगते. तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून पूर्ण ऐकून घ्या. आणि मोहल्ल्यातल्या शाळेच्या पुढच्या पालकसभेत समुपदेशकाची मागणी लेखी करा.