हात नका लावू देऊ, पण बघू तर द्या!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. गेला महिना रिलीजमध्ये गेला आणि त्यातला एक अख्खा आठवडा एका मूर्खपणात गेला, त्याचा राग आज इथे काढतोय. 'बिल्ड लाल झालं' या वाक्याने ज्यांच्या पोटात गोळा येत नाही त्यांनीही वाचा. मध्ये एक पाल आहे :)

मी सध्या जळगावला, घरून काम करतो. कंपनी पुण्याची, कोड कुठल्यातरी क्लाउडवर, आणि टेस्ट ज्या मशीनवर चालतात ती कुठे आहेत हे देवालाच ठाऊक. मी कोड पुश केला की कुठेतरी एक कोरं लिनक्स मशीन जन्माला येतं. त्यात ब्राउझर उघडतो, सेलेनियम आमच्या साइटवर माणसासारखं क्लिक-क्लिक करत फिरतं, आणि काम झालं की मशीन मरतं. दहावं नाही, तेरावं नाही. मागे उरतो फक्त लॉग.

तर त्या आठवड्यात साइटच्या मराठी आवृत्तीची एक टेस्ट पडायला लागली. 'पुढे जा' या बटणावर क्लिक करायचं, बास. माझ्या लॅपटॉपवर दहापैकी दहा वेळा पास. रिमोटवर दहापैकी दहा वेळा नापास. लॉग म्हणतो, तुमचा क्लिक बटणाला न लागता तळाच्या पट्टीला लागला असता. अरे पण तळाची पट्टी त्या बटणापासून कोसभर लांब आहे! निदान माझ्या स्क्रीनवर तरी. टेस्ट पडली की स्क्रीनशॉट निघत होता, पण तो त्याच मशीनच्या डिस्कवर, म्हणजे मशीनबरोबर तोही गेला. तो बाहेर काढायचा तर पाइपलाइनची फाइल बदलायला हवी, आणि ती बदलायचा हक्क आमच्याकडे नाही, ऑप्सकडे.

मी ऑप्सला लिहिलं: टेस्ट पडली की ते मशीन अर्धा तास जिवंत ठेवा आणि मला एसएसएच द्या. उत्तर आलं: पॉलिसीत बसत नाही, लॉग बघा. मॅनेजरचा सल्ला त्याहून भारी. "फ्लेकी असेल रे, रिट्राय लावून टाक."

मग मी तेच केलं जे तुम्ही सगळे करता (खोटं बोलू नका). कोडमध्ये प्रिंट टाक, पुश कर, थांब, लॉग वाच, परत प्रिंट टाक. कमिटचे मेसेज 'डिबग', 'डिबग २', 'आता तरी', 'देवा'. असे एकोणीस कमिट. एक फेरी २२ मिनिटांची. करा गुणाकार, जवळजवळ सात तास नुसती वाट बघण्यात गेले. त्यात मध्येच लाईट गेली की मोबाईलचा हॉटस्पॉट.

चौथ्या दिवशी रात्री ऑप्समधल्या एकाला माझी दया आली (नाव सांगत नाही, बिचाऱ्याची नोकरी जाईल). त्याने मशीन थांबवून ठेवलं, स्क्रीन शेअर केली आणि म्हणाला, सांग काय टाईप करू. मशीनवर मराठीचे फॉन्ट कुठले आहेत ते विचारणारी एका ओळीची कमांड, एफसी-लिस्ट. उत्तर: काहीच नाही. रिकामं. मशीनवर एकही देवनागरी फॉन्ट नव्हता! प्रत्येक अक्षराच्या जागी चौकोनी डबा येत होता. डबे अक्षरांपेक्षा रुंद, म्हणून मजकूर फुगून दोन ओळींचा झाला आणि बटण घसरून थेट तळाच्या पट्टीखाली गेलं. कळायला चार मिनिटं लागली. दुरुस्ती म्हणजे इमेजच्या फाइलमध्ये लोहित देवनागरी टाकणारी एक ओळ.

याला फ्लेकी म्हणत होते!

फ्लेकी टेस्ट नसतात असं मी म्हणत नाही. गूगलने २०१६ साली स्वतःच लिहिलं होतं की त्यांच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार तरी फ्लेकीपणा आहे. पण दहापैकी दहा वेळा पडणाऱ्या टेस्टला फ्लेकी म्हणणं हे निदान नाही, आळस आहे. आणि तो आळस येतो कारण आत डोकावून बघायची सोयच नाही. जे दिसत नाही त्याला नशीब म्हणून मोकळं व्हायचं.

आता पाल. धुळे तालुक्यात आमच्या आप्पांची शेती आहे. विहिरीवरच्या मोटारीला त्यांनी मोबाईल स्टार्टर बसवलाय, घरून फोन लावायचा की मोटार चालू. ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही, पुण्याच्या संतोष ओस्तवालांच्या 'नॅनो गणेश'ला २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं ते याच कामासाठी. तर गेल्या हिवाळ्यात एका रात्री मोटार सुरूच होईना. मी तिथेच होतो. फोनवर कळत होतं की लाईट आहे, पण मोटार बंद. मी आपला इंजिनियर, म्हटलं, आप्पा, परत एकदा फोन लावून बघा ना, लागेल. आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "तठे जाईसन देखनं पडी भो!" बॅटरी घेतली, चपला घातल्या, विहिरीवर गेलो. स्टार्टरच्या डब्यात पाल मरून पडली होती. काढली, मोटार चालू. १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-टू कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये पतंग सापडला होता, ती गोष्ट आपल्याला कॉलेजात कौतुकाने सांगतात. पण तो पतंग सापडला कारण त्या लोकांना मशीन उघडायची परवानगी होती, हे कोणी सांगत नाही.

ऑप्सवाल्यांचं म्हणणं एका शब्दात: सिक्युरिटी. ठीक आहे, बोलू त्यावर. २०२१ मध्ये कोडकोव्हच्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी बदल केला आणि दोन महिने गिऱ्हाइकांच्या बिल्ड मशीनवरची गुपितं बाहेर जात राहिली. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सचं प्रकरण झालं, २३ हजारांहून जास्त रिपॉझिटरी जे तयार ॲक्शन वापरत होत्या त्यातच घाण मिसळली गेली आणि पासवर्ड-टोकन छापले गेले. कुठे? बिल्डच्या लॉगमध्ये! त्याच लॉगमध्ये, जो 'बघा' म्हणून आम्हाला सांगतात. या दोन्हींत बिल्ड मशीनवर एसएसएचने शिरलेला कुठलाही टेस्टर नव्हता.

आणि मुख्य मुद्दा तर वेगळाच आहे. टेस्ट मी लिहितो, म्हणजे माझा कोड त्या मशीनवर आधीच चालतो. मला चोरीच करायची असती तर एकोणीस कमिटमध्ये एकोणीस वेळा करता आली असती. मला बाहेर ठेवून तुम्ही चोराला नाही अडवलं, फक्त प्रत्येक प्रश्नामागे २२ मिनिटांचा दंड लावलात.

एसएसएच १९९५ साली हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत टाटू युलोनेनने लिहिलं, तेही नेटवर्कवर पासवर्ड चोरीला जात होते म्हणूनच. म्हणजे जी वस्तू सिक्युरिटीसाठी जन्माला आली ती तीस वर्षांनी सिक्युरिटीच्याच नावाखाली बंद! बाहेरच्या जगात काय चालतं ते बघा. सर्कल-सीआयमध्ये पडलेला जॉब एसएसएचसकट परत चालवायचं बटणच आहे. सेलेनियमच्या डॉकर इमेजमध्ये ७९०० पोर्टवर ब्राउझरची खिडकी लाईव्ह बघता येते. आणि २०११ पासून आपल्या मुंबईचं ब्राउझरस्टॅक जगाला रिमोट ब्राउझर भाड्याने देतंय, त्यात टेस्टचा व्हिडिओ आणि लॉग दोन्ही मिळतात, कारण पैसे मोजणारा गिऱ्हाईक 'दिसलं पाहिजे' म्हणतो. आम्ही नोकर, आम्हाला काय.

एक गोष्ट मात्र ऑप्सची खरी आहे, ती कबूल करतो. मशीनवर जाऊ दिलं की लोक तिथेच हाताने ठोकाठोक करतात, एक पॅकेज टाक, एक फाइल बदल. मग ते मशीन गावातल्या जुन्या वाड्यासारखं होतं, कुठली भिंत कशाच्या आधारावर उभी आहे कोणालाच माहीत नाही. मीही केलंय हे पूर्वीच्या कंपनीत. पण त्यावर उपाय सोपा आहे. मशीन तासाभराने मरू द्या, दुरुस्ती फक्त इमेजच्या फाइलमधून घ्या, प्रॉडक्शनच्या किल्ल्या त्यावर ठेवूच नका, प्रवेश व्हीपीएनमधून द्या, आणि कोण किती वाजता शिरलं ते लिहून ठेवा. आमची हरकत नाही.

एवढंच लिहून मी रीतसर तिकीट टाकलंय. पंधरा दिवस झाले, 'अंडर रिव्ह्यू' आहे. काल आणखी एक टेस्ट पडायला लागली, फक्त रात्री बारा ते साडेपाचच्या मध्ये चालली तरच. माझा अंदाज आहे की मशीनचं घड्याळ यूटीसीवर आहे आणि त्याच्या लेखी तेव्हा कालचीच तारीख असते. पण बघता येत नाही. त्यामुळे आज रात्री बारा वाजून एक मिनिटाने 'डिबग १' पुश करणार आहे. कोणी जागं असेल तर सोबतीला या, चहा माझ्याकडे.