हळदीच्या गावात हळदीचे पाकीट

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे हिंगोली-नांदेड मार्गावरचे गाव. परिसरात केळी आहे, ऊस आहे आणि हळद तर आहेच. शिमग्याच्या आगेमागे या पट्ट्यात हळदीची काढणी सुरू होते. कंद शिजतात, खळ्यावर वाळतात, ढोलात फिरून पिवळेधमक होतात. ओली पाच क्विंटल हळद शिजवून वाळवली की सुकी जेमतेम एक क्विंटल हाती लागते. एवढ्या कष्टाने तयार झालेले हळकुंड पोत्यांत भरून हिंगोली, वसमत, नांदेडच्या मोंढ्यात जाते, तेथून सांगलीकडे आणि आणखी कोठे कोठे. मग काही महिन्यांनी रंगीत पाकिटातली शंभर ग्रॅम हळद त्याच रस्त्याने परत येते. ज्या घराच्या ओसरीवर हळकुंडांची पोती रचलेली असतात, त्याच घराच्या फडताळात हे पाकीट विराजमान होते. ते आणलेले असते शहरातल्या झगमगत्या दुकानातून, नाहीतर मोबाईलवर बोट ठेवून मागवलेल्या पार्सलातून.

या विसंगतीचे कोणाला काही वाटत नाही, हीच खरी चिंतेची गोष्ट आहे.

१९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट देण्यात आले, तेव्हा देशभर संताप उसळला होता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ती लढाई लढवली आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करवून घेतले. आजीच्या बटव्यातली हळद अमेरिकेच्या तावडीतून सुटली म्हणून सर्वांनी अभिमानाने मान उंचावली. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हाही आनंद झाला. परंतु ज्या हळदीसाठी राष्ट्र न्यायाची लढाई लढले, ती हळद विकत घेताना तिच्याच मुलुखातील सुशिक्षित कुटुंब शेजारच्या शेतकऱ्याकडे पाठ फिरवणार असेल, तर त्या अभिमानाचा अर्थ काय?

पगार गावाचा, खर्च शहराचा

आठवड्याचा किराणा कोठून भरावा, हा वरवर पाहता घरगुती प्रश्न आहे. पिशवी कोणती न्यावी, इतकाच क्षुल्लक. प्रत्यक्षात गावाचे अर्थकारण या पिशवीवर उभे असते. डोंगरकड्यासारख्या मोठ्या गावात शिक्षक असतात, बँकेचे व कारखान्याचे कर्मचारी असतात, दवाखाना, पंचायत, महसूल यांतील नोकरदार असतात. त्यांचे वेतन या गावाच्या सेवेपोटी येते. ते शनिवारी-रविवारी गाडी काढून नांदेडला जाते आणि तेथेच संपते. गावात उरतो तो खरेदीनंतरचा कचरा.

आठवडी बाजाराचा विचार करावा. खेड्यात अनेक ठिकाणी शेतमजुराची मजुरी बाजाराच्या दिवसाशी बांधलेली असते. आठवड्याचे पैसे हातात पडले की तो बाजार करतो. त्याला महिन्याचे सामान एकदम भरता येत नाही. पावशेर तेल, अर्धा किलो डाळ, दहा रुपयांची मिरची हा त्याचा हिशेब. त्याला शहरातल्या दुकानाचा रस्ता बंद आहे, कारण जाण्यायेण्याच्या भाड्यातच त्याची डाळ जाते. त्याला हा बाजारच हवा. पण बाजार केवळ त्याच्या जोरावर टिकत नाही. चांगली भाजी, चांगली डाळ, चांगला गूळ घेऊन विक्रेता दूरच्या गावाहून येतो तो चार घरे मोठी खरेदी करतील या भरवशावर. ती चार घरे शहराकडे वळली की विक्रेता येईनासा होतो, माल हलका होतो, भाव चढतो. मध्यमवर्गाने फिरवलेल्या पाठीची किंमत अशी मजूर चुकवतो. हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याची पावती फाडली जात नाही.

माळीण, कुंभार, बुरूड, अत्तार, बागवान अशा अठरापगड लोकांचे संसार या एका दिवसावर चालतात. सकाळी उसनवारीने माल घ्यायचा, संध्याकाळी विकून पैसे फेडायचे, उरलेल्यात चूल पेटवायची, असा भाजीवालीचा व्यवहार असतो. समरसतेवर व्याख्याने ऐकणाऱ्या वर्गाने आठवड्यातून एक तास या बाजारात घालवला, तर समरसता वेगळी शिकवावी लागणार नाही.

स्वस्ताईचा भ्रम

यावर ठरलेले उत्तर येते: “तिकडे स्वस्त मिळते.” काही वस्तू निश्चितच स्वस्त मिळतात. साखर, तेल, साबण अशा चार वस्तूंचे भाव उतरवायचे आणि त्या ओढीने आलेल्या ग्राहकाला आणखी चाळीस वस्तू घ्यायला लावायच्या, हे या व्यापाराचे उघड तंत्र आहे. दाराशी फरसाण, गल्ल्यापाशी चॉकलेट आणि मध्ये दोनावर एक फुकट. यादीत नसलेले काय काय घरी आले, याचा हिशेब एकदा वहीत मांडून पाहावा. त्यात पेट्रोल, बाहेरचे खाणे आणि सुट्टीचा अर्धा दिवस मिळवावा. मग स्वस्त काय पडले ते कळेल.

आणि ही स्वस्ताई कायमची असते असे कोणी सांगितले? वॉलमार्टचा जन्म १९६२ साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या लहानशा गावात झाला. मोठे दुकानदार ज्या छोट्या गावांकडे ढुंकून पाहत नव्हते, तीच गावे या कंपनीने हेरली. पुढे काय होते, ते नॉर्थ कॅरोलिनातील ओरिएंटल या जेमतेम हजारभर वस्तीच्या गावाने अनुभवले. तेथे एका कुटुंबाचे किराणा दुकान चाळीसहून अधिक वर्षे चालू होते. २०१४ मध्ये वॉलमार्टने तेथे आपले छोटे दुकान थाटले. भावाच्या स्पर्धेत जुने दुकान टिकले नाही, ते २०१५ मध्ये बंद पडले. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी २०१६ मध्ये, वॉलमार्टने जगभरातील २६९ दुकाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ओरिएंटलचे दुकान त्यांत होते. गावाचे जुने दुकान गेले, नवेही गेले. अमेरिकेसारख्या संपन्न देशात एका गावाला भाजी-दुधासाठी दुसऱ्या गावी जाण्याची पाळी आली. कंपनीच्या ताळेबंदात ती एक ओळ होती, गावासाठी मात्र ते रोजचे जेवण होते.

हे तिकडचेच, असे म्हणून चालणार नाही. २००१ पासून मध्यमवर्गाला मॉलची गोडी लावणारा ‘बिग बझार’ पुरता देशी होता. कर्जाच्या आणि भाडेकरारांच्या गुंत्यात २०२२ मध्ये त्याची दुकाने एकामागून एक हातची गेली. देशी असो वा विदेशी, दूरच्या भांडवलाला गावाशी नाते नसते. गावचा दुकानदार तोट्यात असला तरी पोळ्याला, दिवाळीला दुकान उघडतो, लेकीच्या लग्नाला सामान उधारीवर देतो, पीक हाती येईपर्यंत वहीतले नाव तसेच ठेवतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शहराचे रस्ते बंद झाले, तेव्हा पिठामिठाची सोय याच दुकानाने लावली. ती टाळेबंदी उठताच त्याला विसरणे ही कृतघ्नता आहे.

मोर्चातली घोषणा आणि घरातले पार्सल

सप्टेंबर २०१२ मध्ये तत्कालीन केंद्र सरकारने किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा दिली. २० सप्टेंबरला भारत बंद झाला, व्यापारी रस्त्यावर उतरले, डिसेंबरात संसदेत मतदान झाले. या विरोधात संघपरिवारातील कार्यकर्ते आघाडीवर होते, हे सर्वज्ञात आहे. त्या निर्णयात एक अट अशी होती की, अशी दुकाने साधारणतः दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांतच निघावीत. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड शहर साडेपाच लाखांच्या घरात होते. म्हणजे त्या अटीत नांदेडही बसत नव्हते, मग डोंगरकडा तर फारच दूर.

परंतु समोरच्या दाराला लावलेल्या कुलपाचा उपयोग काय, जर खिडकी उघडीच असेल? मे २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टमधील ७७ टक्के हिस्सा सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून घेण्याचा करार केला. आता दुकान बांधण्याची गरजच उरली नाही. ज्याच्या खिशात मोबाईल, त्याच्या खिशात दुकान. आपण केवळ विक्रेता आणि ग्राहक यांची गाठ घालून देतो, असा या कंपन्यांचा दावा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनीच अशा कंपन्यांच्या तोटा सोसून भाव पाडण्याच्या पद्धतीवर जाहीर चिंता व्यक्त केली. सरकारने नियम कडक करावेत, हे योग्यच. पण ज्या कार्यकर्त्याने २०१२ मध्ये चौकात घोषणा दिल्या, त्याच्याच दारात आज पार्सलवाला उभा असेल, तर कायद्याने कोणाला आणि काय समजवावे? मोर्चा वर्षातून एकदा निघतो, बाजार दर आठवड्याला भरतो. निष्ठेची परीक्षा त्या दुसऱ्या ठिकाणी होते.

स्वदेशी म्हणजे शेजारधर्म

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. सार्वजनिक काका अर्थात गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताच्या खादीचा वेश करून गेले. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याचा ध्यास घेतला आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. एका पैशाने काय होणार, असे तेव्हाही विचारले गेले असेल. गांधीजींनी १९१६ मध्ये मद्रासच्या भाषणात स्वदेशीचा अर्थ जवळच्या परिसराची सेवा असा लावला. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडताना विकेंद्रित अर्थरचनेचा आग्रह धरला. वाटा भिन्न होत्या, पण शेजाऱ्याच्या हाताला काम मिळावे हे सूत्र एकच.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, ती याच सूत्राला व्यवहाराची जोड देणारी होती. मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधले. सर्वांची यादी एकत्र करायची, माल घाऊक आणायचा, तो तपासायचा आणि ठरल्या दिवशी वाटून घ्यायचा. हजारो कुटुंबांनी असा शुद्ध व रास्त भावाचा किराणा भरला. महानगरातल्या चाळकऱ्यांना जे जमले, ते एकमेकांना नावानिशी ओळखणाऱ्या गावकऱ्यांना का जमू नये?

दुकानदारानेही ऐकावे

मात्र स्वदेशी ही भीक नव्हे. गावचा म्हणून हलका माल खपवावा, काटा मारावा, मुदत संपलेले पाकीट लहान मुलाच्या हाती द्यावे आणि वर गिऱ्हाईकाने निष्ठा दाखवावी, ही अपेक्षा अनैतिक आहे. शहरातल्या दुकानाने ग्राहकाला वस्तू हातात घेऊन पाहण्याचे, किंमत वाचण्याचे आणि पावती मागण्याचे स्वातंत्र्य दिले, हे मान्य करायला हवे. ते गावातही मिळाले पाहिजे. वजनकाट्याची पडताळणी कायद्याने बंधनकारक आहे, ती मुद्रा गिऱ्हाईकाला दिसेल अशी ठेवावी. मागितल्यास पावती द्यावी. उधारीची वही दोघांच्या सहीची असावी. प्रामाणिक दुकानदाराला यात भिण्यासारखे काही नाही.

ग्रामपंचायतीलाही विचारले पाहिजे. आठवडे बाजारावर फी घेण्याचा अधिकार कायद्याने तिला दिला आहे. चिखलात बसून भाजी विकणाऱ्या बाईकडून ती फी दर आठवड्याला वसूल होणार असेल, तर त्या पैशातून ओटे, सावली, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह का होऊ नये? हा प्रश्न पुढील ग्रामसभेत जो कार्यकर्ता उठून विचारेल, त्याने स्वदेशीचे शंभर फलक लावल्याचे पुण्य मिळवले असे समजावे.

सर्वच वस्तू गावात मिळत नाहीत. औषधे, यंत्रे, पुस्तके यांसाठी शहर लागणारच. आग्रह एवढाच की हळद, डाळ, गूळ, ज्वारी, तेल, भाजी आणि फळे, म्हणजे ज्यांचा जन्म याच मातीत होतो, त्यांच्यासाठी तरी पहिली पायरी गावच्या बाजाराची आणि गावच्या दुकानाची असावी. तेथे चांगले मिळाले नाही तर तोंडावर सांगावे, आणि तरीही सुधारणा झाली नाही तरच पुढे जावे. दहा घरांनी मिळून शेजारच्या शेतकऱ्याकडून वर्षाचे हळकुंड घ्यावे आणि गिरणीवर डोळ्यांदेखत दळून आणावे. भेसळीची शंका नाही, पाकिटाचा खर्च नाही आणि पैसा त्याच शिवारात.

शेतमालाला भाव मिळत नाही, तरुण गाव सोडून जातात, बाजारपेठा ओस पडतात, याबद्दल हळहळणारी सभा प्रत्येक गावात भरते. त्या सभेतील प्रत्येकाच्या हाती दर आठवड्याला एक रिकामी पिशवी असते. ती कोठे भरायची, हे सरकार ठरवत नाही, परकीय कंपनीही ठरवू शकत नाही. तो निर्णय डोंगरकड्याच्या माणसाचा आहे. येत्या बाजारापासून तो गावाच्या बाजूने लागावा.