दिल्ली पाहावी मुक्कामाने

दिल्लीदर्शनाची बस सकाळी निघते आणि सायंकाळपर्यंत आठ-दहा ठिकाणे दाखवून प्रवाशांना परत आणून सोडते. लाल किल्ल्यात तासभर, कुतुबमिनारपाशी पाऊण तास, इंडिया गेटपाशी छायाचित्रापुरता वेळ. दुसऱ्या दिवशी आग्रा, तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. महाराष्ट्रातून येणारी असंख्य कुटुंबे राजधानी अशीच पाहतात आणि दिल्ली फार महाग आहे, असे मत घेऊन घरी जातात. हा महागपणा बराचसा घाईचा असतो. तीन दिवसांत सारे उरकायचे म्हटले की दिवसभराचे वाहन, मध्यवस्तीतील हॉटेल आणि वाटेत मिळेल त्या दराचे जेवण हे ओघानेच येते.

याउलट, शहराचा एकच भाग धरून पाच-सहा दिवस राहिले तर काय होते, हे आर. के. पुरमवरून समजावे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची ही दक्षिण दिल्लीतील जुनी वसाहत कोणत्याही सहलपत्रिकेत आढळत नाही. सेक्टरांचे क्रमांक आणि सरकारी घरांच्या एकसारख्या रांगा पाहायला कोण जाणार? परंतु सेक्टर ३ मध्ये लोदीकालीन बिजरी खानाची कबर उभी आहे. सेक्टर ५ मधील वजीरपूर का गुंबद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आवारात त्याच काळातील पाच घुमटदार कबरी आणि एक बावडी आहे. लगतच्या मुहंमदपूर गावात तीन बुर्जी आहे. कोठेही तिकीट नाही, रांग नाही, वेळेचा धाक नाही. सेक्टर ७ मधील टेकडीवर स्वामिनाथाचे मंदिर आहे. १९७३ साली प्रतिष्ठापना झालेले हे पाषाणमंदिर चोळ शैलीतील असून दिल्लीकर त्याला मलै मंदिर म्हणतात. सेक्टर २ मध्ये केरळी धाटणीचे अय्यप्पा मंदिर आहे. नोकरीनिमित्त उत्तरेत आलेल्या दाक्षिणात्य कुटुंबांनी राजधानीत आपले गाव कसे वसवले, हे पाहायचे तर सायंआरतीच्या वेळी येथे यावे. लोदीकालीन कबर आणि मुरुगनाचे देऊळ एकाच सकाळी पायी पाहता यावे, ही सोय कोणतीही सहल कंपनी देत नाही.

मे २०१८ पासून येथे मेट्रोही आली आहे. आर. के. पुरम स्थानकापासून दुसरेच स्थानक हौज खास. तेथे गाडी बदलली की कुतुबमिनार स्थानक. वातानुकूलित शहरबसचे तिकीट १० ते २५ रुपये आहे. कुतुबमिनारला भारतीयांसाठी ४० रुपये पडतात, पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य. त्याला लागूनच असलेले मेहरौलीचे पुरातत्त्व उद्यान तर विनाशुल्क आहे. तेथील राजों की बावलीच्या पायऱ्यांवर अर्धा तास स्वस्थ बसावे. सूफी कवी जमालीची मशीद पाहावी. मराठी माणसाने एक दिवस तालकटोऱ्यासाठी राखावा. १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाची फौज येथवर आली होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथल्याच स्टेडियममध्ये भरले.

ही रीत काही नवी नाही. मेक्सिकोतील वाहाका प्रांतात बेताच्या पैशांत फिरणारे प्रवासी राजधानीच्या गावी मुक्काम ठेवतात आणि वाटणीच्या टॅक्सीने विणकरांच्या तेओतित्लान गावाला किंवा त्लाकोलुलाच्या रविवारच्या बाजाराला जातात. जेवण मंडईत. आपल्याकडे मात्र सार्वजनिक वाहनाने फिरणे म्हणजे कमीपणा, अशी समजूत अजून जात नाही.

स्वस्त प्रवासाचा आणखी एक प्रकार आपल्याकडे रूढ आहे, आणि तो मुळीच स्वस्त नाही. दिल्लीत कोणी आते-मामे नातेवाईक सरकारी नोकरीत असला, की त्याच्या दोन खोल्यांच्या घरात चार माणसे आठवडाभर उतरतात. खर्च वाचत नाही. तो फक्त यजमानाच्या पगारातून होतो. मुलांच्या परीक्षा, पाण्याची वेळ, ऑफिसचा डबा हे सारे त्या घरात चालूच असते. नातेवाइकाकडे एक दिवस आवर्जून जेवायला जावे, मुक्काम मात्र साध्या अतिथिगृहात करावा. पाहुणचार घ्यायचाच असेल तर निदान भाजी-दुधाची पिशवी आपण आणावी.

यासाठी लागणारी रक्कम फार मोठी नसते, पण ती हाताशी असावी लागते. सहलीसाठी कर्ज काढण्याची अलीकडे सर्रास झालेली पद्धत म्हणूनच पटत नाही. चार दिवसांच्या आनंदाचे हप्ते वर्षभर का फेडावेत? तेच हप्ते वर्षभर आधी आवर्ती ठेवीत भरले तर त्यावर व्याज मिळते. रजा प्रवास सवलत मिळणाऱ्यांचे भाडे सुटते, मुक्कामाचा व फिरण्याचा खर्च त्यांनाही खिशातूनच करावा लागतो.

ज्येष्ठांना मात्र मेट्रोचे जिने आणि स्थानकापासूनची पायपीट झेपेलच असे नाही. त्यांच्यासाठी रिक्षाचे पैसे हिशेबात धरावेत. मे-जूनचा उन्हाळा टाळावा, ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. तो दिवस मेहरौलीसाठी ठेवता येतो.