व्यथा कोणाची आणि वाणी कोणाची?

(साखरशेत, ता. जव्हार, जि. पालघर येथून एका वकिलाकडून)

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. पुढे १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली त्याच 'जनता'चे रूपांतर होऊन 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रे निघाली. पदरी पैसा नसताना हा खटाटोप बाबासाहेबांनी का केला? अस्पृश्यांविषयी त्या काळी कोणी लिहीतच नव्हते असे नाही. कोणी दयेने लिही, कोणी तुच्छतेने लिही. परंतु ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला विचारावे, असे मात्र फारच थोड्यांना वाटे.

शंभर वर्षांनंतर साधने बदलली आहेत. छापखान्यावाचून, खिशातील मोबाइलवर कोणाचेही बोलणे ध्वनिमुद्रित करून 'पॉडकास्ट' या नावाने जगभर ऐकविता येते. साखरशेतसारख्या गावातील तरुणालाही ते शक्य आहे. परंतु मोठ्या वृत्तसंस्थांतील अधिकाराच्या जागा कोणाकडे आहेत? २०१९ साली 'ऑक्सफॅम' आणि 'न्यूजलॉन्ड्री' यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत संपादकपदासारख्या १२१ प्रमुख जागा तपासल्या गेल्या. त्यांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती वा जमातींपैकी एकही व्यक्ती नव्हती. म्हणजे आमची कथा सांगितली जाते, पण तिचा मथळा कोणता, तिच्यातून काय गाळावयाचे, हे ठरविणारे आम्ही नसतो.

याचा परिणाम काय होतो हे खैरलांजीने दाखविले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांची हत्या झाली. आरंभीच्या वृत्तांत या हत्याकांडाला अनैतिक संबंधांचा रंग देण्यात आला. जमिनीचा वाद आणि जातीय द्वेष या गोष्टी मागे पडल्या आणि जी माता उत्तर द्यावयास जिवंत नव्हती तिच्याच चारित्र्याची चर्चा झाली. आमचे लोक रस्त्यावर आले तेव्हा कोठे देशातील मोठ्या वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे वळले. पुढे न्यायालयांनी खुनाचा गुन्हा शाबीत धरला. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप मात्र शाबीत धरले नाहीत. घटनेचे पहिले कथनच वाकडे असले तर सत्याला किती लांबचा वळसा घ्यावा लागतो, हे यावरून उमगावे.

आमच्या जव्हार-मोखाड्याची गोष्ट निराळी असली तरी तिचे मूळ तेच आहे. १९९२-९३ साली वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि त्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला. ते सांगितले जाणे आवश्यकच होते. परंतु तेव्हापासून या दोन तालुक्यांची ओळख म्हणजे हाडे दिसणाऱ्या बालकाचे छायाचित्र, असेच होऊन बसले. त्या बालकाच्या आईला वीटभट्टीवर का जावे लागते, रोजगार हमीची मजुरी हाती कधी पडते, कसत असलेल्या वनजमिनीचा दावा कोठे अडकला आहे, हे प्रश्न छायाचित्रात मावत नाहीत. तेवढ्यावरून वाचकाला वाटते की, ही माणसे अडाणी म्हणून उपाशी आहेत. दुःख दाखविले आणि दुःखाचे कारण झाकले, तर ते अर्धसत्य होय. ज्या तथागताने दुःखाबरोबर दुःखाचे कारणही सांगितले, त्याच्या अनुयायांना हे वेगळे सांगावयास नको.

नवदीक्षित कुटुंबांना याचा आणखी एक उपसर्ग पोहोचतो. वार्ताहर घरी येतो, बुद्धमूर्तीसमोर सर्वांना बसवितो आणि बातमीत मात्र जुन्या जातीचे नाव छापतो. काहीजण म्हणतात, "तुम्ही सवलती घेता, मग जात लिहिली तर बिघडले कोठे?" याचे उत्तर कायद्यात आहे. १९९० सालच्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलतींचा हक्क मिळाला. त्या हक्कासाठी दाखल्यावर जातीची नोंद लागते. ती शासनाला दाखविण्यासाठी असते. ती गावभर मिरविण्याचा अधिकार त्यामुळे कोणा वार्ताहराला प्राप्त होत नाही. अत्याचाराचे कारणच जात असेल तेव्हा तिचा उल्लेख करावा लागेल, करावाही. एरवी माणूस स्वतःस जे म्हणवितो तेच त्याचे नाव.

कायद्याने आणखीही संरक्षण दिले आहे आणि ते प्रत्येक घराला ठाऊक असावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. बालकांविषयीच्या २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याचे कलम २३ तर बालकाचे नाव, पत्ता व छायाचित्र यांबरोबरच कुटुंब, शाळा आणि शेजार यांची माहिती देण्यासही मनाई करते. या 'शेजार' शब्दाचे मोल आमच्यासारख्या ठिकाणी फार आहे. मुंबईत 'एक मुलगी' म्हटले तर ती लाखांत लपते. आमच्याकडे 'अमुक पाड्यावरील बौद्ध कुटुंबातील नववीतील मुलगी' एवढे म्हटले की नाव सांगण्याचे काही उरतच नाही. पॉडकास्टमध्ये तर चेहरा झाकून भागत नाही. गाव माणसाला आवाजावरून ओळखते.

यावर कोणी म्हणेल, अशी परवानगी घेत बसले तर अन्यायाला वाचा कशी फुटणार? उद्या अत्याचार करणाराही म्हणेल की, मला विचारल्याशिवाय लिहू नका. हा आक्षेप पोकळ नव्हे. पण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते. ज्याने सोसले त्याची संमती घ्यावयाची, कारण बातमी छापून वार्ताहर निघून जातो आणि गावात राहावयाचे असते ते सोसणाऱ्याला. ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याचे म्हणणे विचारावयाचे, ते छापावयाचे. परंतु बातमी अडविण्याचा अधिकार त्याला द्यावयाचा नाही.

हे साधते याचे उदाहरण आपल्याच चळवळीत आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. ज्या स्त्रियांची नावे पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात फारशी आली नव्हती, त्या तेथे स्वतः बोलतात. उत्तर प्रदेशातील बुंदेलखंडात २००२ साली सुरू झालेले 'खबर लहरिया' ग्रामीण स्त्रियाच चालवितात आणि त्यांत दलित स्त्रिया अग्रभागी आहेत.

आता जे सांगावयाचे ते आपल्या घरातील तरुणांना. तुमच्या हाती मोबाइल आला आहे आणि शेजारी वारली, कातकरी, ठाकर यांचे पाडे आहेत. तेथे जाऊन तुम्ही बोलणे मुद्रित कराल तेव्हा त्यांच्या दृष्टीने बाहेरचे तुम्हीच असाल. आम्हाला न विचारता आमच्याविषयी लिहिले गेले ही आमची शंभर वर्षांची तक्रार आहे. तीच तक्रार उद्या कातकऱ्याने आमच्याविषयी करावी काय? तथागताने मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात वाणीची कसोटी दिली आहे: बोलणे सत्य असावे, हितकर असावे आणि योग्य वेळी व्हावे. म्हणून पाड्यावर जाल तेव्हा आपण कोण आणि हे मुद्रण कोठे ऐकविणार ते आधी सांगा. माणूस आपल्या बोलीत बोलला तर ती बोली सुधारू नका. तयार झालेले कथन प्रथम त्यालाच ऐकवा आणि तो 'हे काढा' म्हणाला तर काढा. प्रसिद्ध झाल्यावर पुन्हा त्याच्या दारी जा. त्याला त्रास झाला असेल तर पाठीशी उभे राहा.

आणि आपल्या दारी कोणी ध्वनिमुद्रक घेऊन आला, तर मातापित्यांनी संकोच न करता त्याला त्याचे व पत्राचे नाव विचारावे. मुलांचे चेहरे टिपू देऊ नयेत. सांगावयाचे नसेल तर नाही म्हणावे, आणि सांगावयाचे असेल तर ताठ मानेने, कारणांसकट सांगावे. बाबासाहेबांनी आपणांस मूकपणातून बाहेर काढले ते दुसऱ्याने आपल्या वतीने बोलावे म्हणून नव्हे. जय भीम.